सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाही: रोटरीवाल्यांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात मॅझ्दा आरएक्स-८ चा, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या रोटरचं रोटरी इंजिन असलेल्या गाडीचा, ओझरता उल्लेख काय केला, पत्रांचा ढीगच लागला, आणि जवळपास सगळी बाहेरून. साहजिक आहे म्हणा, ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, आणि तिकडे ब्रिटन, न्यूझीलंडमध्ये मात्र सेकंडहँड इतकी स्वस्त मिळते की नवीन नोकरी लागलेला आपला एखादा मुलगा मोहात पडतोच. पडावं की, चार दारांची, ९००० आरपीएमपर्यंत गाणारी गाडी आहे. तक्रार बहुतेकांची एकच, चालू होत नाही. पण कधी चालू होत नाही हे निम्म्या लोकांनी लिहिलेलंच नाही. थंड असताना की गरम असताना? अहो, रोटरीत तिथेच तर दोन रस्ते होतात, एक शे-दोनशे पाउंडांचा आणि दुसरा थेट इंजिन खोलण्याचा. पुढच्या वेळी लिहिताना तेवढं आठवणीने लिहा.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे २००५ ची सहा गिअरवाली आरएक्स-८ आहे, ६८,००० मैल झालेत. शनिवारी मेहुणे आले, त्यांची गाडी आत घ्यायची म्हणून मी माझी ड्राइव्हवेतून काढून रस्त्यावर लावली, जेमतेम अर्धा मिनिट चालू असेल. रविवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं घर्रर्र, पेट्रोलचा वास, आणि मारून मारून आता बॅटरीही उतरली. ब्रेकडाउनवाला बघून म्हणाला इंजिन गेलं, भंगारात द्या. बायको म्हणते बरं झालं. खरंच गेलंय का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर: बहुतेक नाही. तुमची गाडी ओव्हर झालीये, आपल्याकडे स्कूटर व्हायची तशीच, फक्त हिला आडवी करून पेट्रोल काढता येत नाही. रस्त्यावर येणाऱ्या ब्रेकडाउनवाल्यांना वर्षभरात किती रोटरी बघायला मिळतात कोण जाणे, त्यांनी कॉम्प्रेशन नाही, म्हणजे आत हवा दाबली जात नाही, असं ऐकलं की ते मोकळे होतात, आणि या क्षणी कॉम्प्रेशन नाहीये हे खरंच आहे, पण कशामुळे नाही ते बघायला नको का.

होतं असं. इंजिन थंड असलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, भरपूर पेट्रोल सोडतो, ते सगळ्याच गाड्यांत होतं. रोटरीत तीन टोकांचा रोटर हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, फिरतो, प्रत्येक टोकावर एक पातळ पट्टी असते, एपेक्स सील, आणि ती हाउसिंगला चिकटून हवा अडवते ती तेलाच्या बारीक थराच्या जोरावर. तुम्ही अर्ध्या मिनिटात गाडी बंद केली तेव्हा आत न जळलेलं पेट्रोल राहिलं, प्लग ओले झाले आणि त्या पेट्रोलने हाउसिंगवरचं तेल धुऊन काढलं. तेल नाही म्हणून कॉम्प्रेशन नाही, कॉम्प्रेशन नाही म्हणून फायरिंग नाही, आणि तुम्ही चालू होईल चालू होईल म्हणून जितक्या वेळा सेल्फ मारलात तितक्या वेळा आणखी पेट्रोल आत गेलं. आवाजावरून पण कळतं, चांगलं रोटरी सेल्फवर फिरताना लयीत धप-धप ऐकू येतं, ओव्हर झालेलं एकसुरी घरघरतं, जणू आत काही नाहीच.

आता काय करायचं. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, पूर्ण म्हणजे रात्रभर चार्जरवर, कारण इथे सगळा खेळ सेल्फच्या वेगाचा आहे, अर्धवट बॅटरीवर केलेली मेहनत वाया जाते. मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच दाबून सेल्फ मारा, पेडल पूर्ण खाली असलं की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा फिरते. आठ-दहा सेकंद मारा, मग मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर तापून बसेल. चार-पाच वेळा केल्यावर मधेच एखादं फायरिंग पकडल्यासारखं वाटलं तर पाय अर्धा वर घ्या, पण सोडू नका.

नाहीच झालं तर प्लग काढावे लागतात. फ्यूल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, डाव्या बाजूचं पुढचं चाक उतरवा, तिथून चारही प्लग दिसतात, प्रत्येक रोटरला वर एक खाली एक. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग, हे दोन्ही वेगळे प्लग आहेत, त्यांची आणि त्यांच्या वायरींची अदलाबदल करायची नाही, काढतानाच टेपचा तुकडा लावून नाव लिहा. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचं कनेक्शन सोडवा, म्हणजे उघड्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. मग प्लगशिवाय सेल्फ मारा, भोकातून पेट्रोलचा फवारा येईल, येऊ द्या, फक्त तोंड लांब ठेवा आणि आसपास कुणी सिगारेट ओढत नाहीये ना बघा. नंतर प्रत्येक रोटरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, प्लगशिवायच एकदा सेल्फ फिरवा म्हणजे तेल पसरेल. प्लग नवीन असले तर उत्तम, नसले तर पूर्ण वाळवून बसवा, फ्यूज लावा, शेजाऱ्याच्या चालू गाडीवरून जंपर लावा आणि मारा. चालू झाली की पांढरा धूर इतका येईल की गल्ली दिसणार नाही, घाबरू नका, ते तुम्हीच घातलेलं तेल आहे. लगेच बंद मात्र करायची नाही. चांगली वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणा, आणि त्या आठवड्यात ऑइल बदला कारण तेल धुऊन काढणारं पेट्रोल खाली सम्पमध्येही, म्हणजे ऑइल साठतं तिथेही, गेलेलं असतं. आणि एक, एवढं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेल्यावर कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, भयंकर तापतो, तेव्हा वाळक्या गवतावर उभी करू नका.

यापुढे गाडी चार फूट हलवायची असेल तर न्यूट्रल करून ढकला, मेहुणे आहेतच. ढकलणं शक्य नसेल तर तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत चालू ठेवा, मग ३००० आरपीएमवर दहाएक सेकंद धरून बंद करा. तसंही तो काटा जरा लबाड आहे, मध्यावर आला की बरंच तापमान वर-खाली झालं तरी जागचा हलत नाही, म्हणून मध्यावर आल्यावर आणखी पाच मिनिटं द्या. सुरुवातीच्या गाड्यांचा स्टार्टर जरा मरतुकडाच होता, मॅझ्दाने नंतर जास्त जोमाचा दिला, तो तुमच्या गाडीत बसतो. प्लग, बॅटरी आणि स्टार्टर हे तिन्ही ठाकठीक असले तर ओव्हर होण्याचा त्रास फार क्वचित होतो. चालू झाल्यावर गरम असतानाही झटकन पुन्हा चालू होत असेल तर इंजिन शाबूत आहे असं बायकोला खुशाल सांगा, ऐकून त्यांचं तोंड वाकडं होईल तो भाग वेगळा.

प्रश्न: आमची आरएक्स-८ ऑइल खाते. गॅरेजवाला म्हणतो रिंगा गेल्या. — एक वाचक, रेडिंग

उत्तर: हिला रिंगा नसतात हो, निदान तो म्हणतोय तशा तरी नाहीत. गॅरेज बदला. ही गाडी मुद्दाम ऑइल जाळते, एक छोटा पंप मोजून मोजून ऑइल आत सोडतो ते एपेक्स सीलसाठीच. हजार मैलांना अर्धा-पाऊण लिटर गेलं तर ठीक चाललंय. उलट ऑइल अजिबात कमी होत नसेल तर मला काळजी वाटेल, कारण मग तो पंप किंवा त्याच्या नळ्या तुंबल्यात. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघा, डिकीत एक लिटरचा डबा ठेवा. २००९ च्या नवीन मॉडेलपासून कंपनीने प्रत्येक रोटरला ऑइलचा तिसरा इंजेक्टर दिला, म्हणजे आधीचं कमी पडत होतं हे त्यांनाही कळलं होतं असंच म्हणायचं. काही लोक पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलही मिसळतात, थोडं मिसळलंत तर बिघडत काही नाही.

प्रश्न: काका, मी ऑकलंडला नर्स आहे, २००४ ची जपानहून आलेली आरएक्स-८ बघून आले, रंग तर इतका सुंदर आहे ना. सकाळी त्यांच्या घरी पहिल्या सेल्फला चालू झाली. टेस्ट ड्राइव्हला घेऊन गेलो, वाटेत पेट्रोल भरायला थांबलो, तर परत चालू व्हायला खूप वेळ घेतला, मालक सारखं रेस देत होते. ते म्हणाले सगळ्या रोटरी गरम असताना असंच करतात आणि स्टार्टर तर नवीनच टाकलाय. घेऊ का? — एक वाचक, ऑकलंड

उत्तर: नको. म्हणजे त्या भावात तरी नकोच. सगळ्या रोटरी असं करत नाहीत, झिजलेल्या करतात, आणि मालकांनी नवीन स्टार्टरचं कौतुकाने सांगितलं तेच मला जास्त खटकलं.

बघ, थंडीत ओव्हर होणं हा अपघात असतो, गरम असताना चालू न होणं हा आजार. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असतं, सीलच्या फटी ते भरून काढतं आणि थकलेलं इंजिनही चालू होऊन जातं. गरम झाल्यावर ऑइल पातळ, फटी मोकळ्या, त्यात तापलेला स्टार्टर हळू फिरतो, आणि कॉम्प्रेशन कमी पडतं. म्हणून मग लोक जोमाचा स्टार्टर टाकतात. त्याने इंजिन जोरात फिरतं, हवेला निसटायला वेळ कमी मिळतो, गाडी चालू होते आणि मालकाला वाटतं रोग गेला. सहा महिने, वर्षभर चालतंही. विकायला तेवढे पुरतात.

तू कॉम्प्रेशन टेस्ट मागायची, आणि ती रोटरीच्याच टेस्टरवर. साध्या पिस्टनवाल्या गेजचा इथे उपयोग नाही, कारण एका रोटरला तीन बाजू, तीन वेगळे चेंबर, आणि साधं गेज त्यातला सगळ्यात चांगला आकडा पकडून बसतं, बाकी दोन मेले असले तरी तुला कळणार नाही. रोटरीचा टेस्टर एकेका रोटरचे तीन असे सहा आकडे देतो, सोबत सेल्फचा वेगही देतो. इंजिन गरम असतानाच करायची. आकडे २५० आरपीएमला बदलून वाचायचे, नाहीतर नवीन स्टार्टर फुगवून दाखवेल. २५० ला नवीन इंजिन ८.३ बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) आसपास देतं, कंपनीची किमान मर्यादा ६.८ बार. एका रोटरच्या तीन आकड्यांत दीड बारपेक्षा जास्त फरक नको, आणि दोन रोटरमध्ये एका बारपेक्षा जास्त नको.

मला स्वतःला त्या सहा आकड्यांकडे बघायला फार आवडतं, आत न डोकावता बरंच कळतं. एकाच रोटरचे दोन आकडे पडलेले आणि तिसरा बरा असेल तर एपेक्स सील, कारण एक सील शेजारच्या दोन चेंबरच्या मध्ये असतं, ते गेलं की दोन्हीकडे गळती. एकच आकडा पडला असेल तर बहुतेक त्या बाजूचं साइड सील, म्हणजे रोटरच्या कडेची पट्टी, कार्बनने अडकून बसलेलं, ते कधी कधी सुटतंही. सगळे सहाच्या सहा सारखेच खाली असतील तर काही अडकलेलं नाही, नुसतं वय झालंय.

टेस्टर मिळेपर्यंत फुकटातला उपाय म्हणजे फोन. गाडी वीस मिनिटं चांगली पळवायची, बंद करायची, दहा मिनिटं तशीच सोडायची, बॉनेट बंद ठेवून, म्हणजे आतली उष्णता साठते. मग फोन इंजिनजवळ धरून रेकॉर्ड करत, पाय अॅक्सिलरेटरवर न ठेवता सेल्फ मारायचा. दोन-तीन सेकंदांत उठली तर पुढे बोलू. उठली नाही तर रेकॉर्डिंग ऐक, धप-धप-धप सारखं येतंय की धप-धप-फुस येतंय. मालक पाय देऊ म्हणाले तर नाही म्हणायचं, गोड बोलून. तुमच्या ऑकलंडला रोटरीचं वेड जुनं आहे, खास रोटरीचीच गॅरेजं आहेत, टेस्ट करून कागदावर आकडे देतील. मालक टेस्टला नाही म्हणाले तर इंजिनचं पूर्ण काम काढायचा खर्च किमतीतून वजा करून बोली लाव, आणि ते चिडले तर चिडू दे. रंग दुसऱ्या गाडीलाही असतो बाळा.

प्रश्न: चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, पिकअप गेलंय, चढाला मिसिंग मारते, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. एका गॅरेजने इंजिन बदलायचं कोटेशन दिलंय. — एक वाचक, दुबई

उत्तर: गाडी चालवणं आजच थांबवा. नुसता लागलेला दिवा वेगळा, लुकलुकणारा वेगळा, लुकलुकतोय म्हणजे फायरिंग चुकतंय आणि कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जातंय.

संशयित नंबर एक कॉइल. हिला चार कॉइल असतात, प्रत्येक प्लगला एक, आणि बिचाऱ्या दुप्पट राबतात. साध्या चार-स्ट्रोक इंजिनात प्लगला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी द्यावी लागते, रोटरीत मुख्य शाफ्टच्या प्रत्येक फेरीला. ९००० आरपीएमला सेकंदाला १५० ठिणग्या झाल्या, वर त्या बसवल्यात इंजिनच्या अगदी कुशीत, त्यात दुबईचा उन्हाळा. पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास त्या बदलायच्याच असं समजून चाला, चारही एकदम, वायरी आणि प्लगसकट. एक-एक बदलून पैसे वाचत नाहीत.

मग कॅट. मिसिंग मारत कितीतरी दिवस चालवली असेल तर आतली जाळी वितळून वाट अडलेली असू शकते, हाताने ठोकून बघा, खुळखुळतोय का, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या भोकातून प्रेशर मोजून घ्या. आरएक्स-८ च्या इंजिनात, रेनेसिस म्हणतात त्याला, धूर बाहेर जायच्या वाटा बाजूच्या प्लेटमध्ये आहेत, पुढे कॅट तुंबला की सगळी आग तिथेच कोंडते आणि सील भाजतात. म्हणजे दोन-तीनशे डॉलरच्या कॉइलचं दुर्लक्ष इंजिनपर्यंत जातं ते असं. क्रम असा ठेवा, कॉइल, कॅट, मग कॉम्प्रेशनचे आकडे. आकडे न दाखवता कुणी इंजिनचं कोटेशन देत असेल तर ते खिशात ठेवा आणि दुसरीकडे जा.

प्रश्न: सर, मी पुण्यात मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. एपेक्स सील हीच अडचण आहे हे ६० वर्षं माहीत असून कुणाला सोडवता का आली नाही? आणि आरएक्स-७ भारतात आणता येईल का? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: दुसरं आधी संपवतो, नाही. आपल्याकडे सेकंडहँड गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि आरएक्स-७ चं, म्हणजे आरएक्स-८ च्या आधीच्या मॅझ्दाच्या रोटरीचं, उत्पादन २००२ लाच थांबलं. स्वप्न बघायला हरकत नाही.

पहिला प्रश्न चांगला आहे, पण सोडवली नाही हे अर्धंच खरं. जर्मनीच्या एनएसयूने १९६७ मध्ये रो ८० ही रोटरी गाडी काढली, काळाच्या फार पुढची गाडी, १९६८ ची युरोपातली कार ऑफ द इयर, आणि सील इतक्या लवकर झिजायचे की वॉरंटीत इंजिनं बदलून बदलून कंपनी घाईला आली, १९६९ ला फोक्सवॅगनच्या घरात गेली. रो ८० वाले रस्त्यात भेटले की हात हलवायच्या ऐवजी बोटं दाखवायचे, कितवं इंजिन चाललंय ते, असा किस्सा सांगतात. रो ८० आली त्याच १९६७ मध्ये हिरोशिमात मॅझ्दाने कॉस्मो स्पोर्ट ही आपली रोटरी गाडी विकायला काढली. तिथे केनइची यामामोतोंच्या हाताखाली ४७ इंजिनिअर याच एका पट्टीमागे लागले होते. पट्टी हाउसिंगवर थरथरायची आणि आत लाटांसारखे ओरखडे पडायचे, त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. शेवटी कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवलेले सील केले आणि ते टिकले.

आणि १९९१ ची ल मॉंची चोवीस तासांची शर्यत आठव. मॅझ्दाची चार रोटरची ७८७बी, ३६२ फेऱ्या, पहिला नंबर. मग तीच कंपनी रस्त्यावरच्या गाडीत का अडते? अरे, ल मॉंला इंजिन चोवीस तास गरम असतं, जोरात फिरत असतं, ऑइल भरपूर मिळतं, कुणी मेहुण्यांसाठी चार फूट हलवून बंद करत नाही. रोटरीला मारतं ते थंड इंजिन, छोटी छोटी अंतरं आणि कायम २००० आरपीएमवर सांभाळून चालवणारा माणूस, त्याने कार्बन साठतो आणि सील खाचेत अडकतात. तुझ्या आरएक्स-७ चं, म्हणजे १९९१ नंतरच्या ट्विन टर्बोवालीचं, दुखणं आणखी वेगळं. तिथे चालू होणं हा मोठा प्रश्न नसतो, टर्बोचं प्रेशर जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की आत नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकतं, आणि सील झिजत नाही, सरळ तुटतं. बॉनेटखाली रबरी व्हॅक्यूम नळ्यांचं जे जंजाळ आहे त्यातली एखादी वयाने चिरली तरी टर्बोचं गणित बिघडतं. प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर मॅझ्दाची २०२३ ची एमएक्स-३० आर-ईव्ही वाच, ८३० सीसीचा एकच रोटर, तो चाकं फिरवतच नाही, नुसता जनरेटर आहे.

प्रश्न: गणपतीला पाच आठवडे कोल्हापूरला चाललोय. मित्राला किल्ली देऊन जाऊ का, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवायला? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर: अजिबात नको! इतर गाड्यांना तो सल्ला बरा, हिला पाच मिनिटं म्हणजे ओव्हर व्हायचं आमंत्रण. मित्र अर्धा तास फ्रीवेवर पळवून आणणार असेल आणि तुमचा त्याच्यावर विश्वास असेल तर द्या किल्ली, नाहीतर जाण्याआधी गाडी चांगली तापवून, टाकी भरून उभी करा आणि बॅटरीला छोटा मेंटेनन्स चार्जर लावून जा. चार्जर लावायची सोय नसेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा. परत आल्यावर आधी बॅटरी आणि ऑइल बघा, आणि ज्या दिवशी लांब जायला वेळ असेल त्याच दिवशी सेल्फ मारा. एअरपोर्टवरून घरी आल्या आल्या नुसतं चालू होतेय का बघायला मारू नका.